मामांच्या दोन काड्या आणि काचपंखी तुडतुडा

भारतातून कोणी पाहुणे आले की आमची डिस्नेलँडची वारी ठरलेली. ऑरेंज काउंटीत राहायचं म्हणजे हा जणू घरपट्टीसारखा कर आहे, भरावाच लागतो. ह्या वेळी जूनमध्ये मामा-मामी आले होते. मामा तासगावकडचे, द्राक्षबागायतदार. एप्रिलची खरड छाटणी उरकून, बाग धाकट्या भावावर सोपवून, आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आलेले. डिस्नेलँडच्या रांगेत दीड तास उभं राहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आरं, हितं आधी काय हुतं?"

मी म्हटलं, "संत्र्याच्या बागा."

"आन् त्याच्या आधी?"

मला माहीत नव्हतं. असो.

पुढच्या विकांताला त्यांना टेमेक्युलाला घेऊन गेलो. आमच्याकडून तासा-दीड तासावर द्राक्षबागांचा पट्टा आहे. तिथं मात्र मामा एकदम रंगात आले. बांधाबांधानं फिरले, तारा बघितल्या, ठिबक बघितलं, पानं उलटी करून बघितली. निघताना गाडीपाशी येऊन हळूच म्हणाले, "दोन काड्या घिऊन जाऊ का? बॅगेत ओल्या फडक्यात बसतात. लावून बघतो."

मी "नाही" म्हणालो. जरा जास्तच जोरात म्हणालो. मामा गप्प झाले आणि घरी पोचेपर्यंत गप्पच राहिले. भाच्यानं, तेही संगणकावर बोटं बडवणाऱ्या भाच्यानं, चाळीस वर्षं बाग करणाऱ्या माणसाला काडीवरून अडवायचं म्हणजे थोडा आगाऊपणाच. त्या रात्री अपराधी वाटून वाचायला बसलो आणि पुढचे तीन विकांत त्यातच गेले. मामांच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीत निघाली. ती गोष्ट ही.

अ‍ॅनाहाइम

डिस्नेलँड ज्या अ‍ॅनाहाइम गावात आहे, ते गाव मुळात वसलं द्राक्षांसाठी. १८५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही जर्मन लोकांनी एक मंडळ काढलं, वर्गणी गोळा केली आणि सांता आना नदीकाठी जमीन घेऊन तिचे वीस-वीस एकरांचे तुकडे पाडले. गावाचं नावही तसंच, आना नदीकाठचं 'हाइम', म्हणजे घर. गंमत म्हणजे ह्यातले बहुतेक जण शेतकरी नव्हतेच. सुतार, लोहार, घड्याळजी असले शहरी कारागीर. आपल्या हापिसातली मंडळी पुण्याजवळ जमीन घेऊन "आता शेती करणार" म्हणतात ना, अगदी तसं! फरक इतकाच की ह्यांनी ती खरंच केली. पंचवीस वर्षांत अ‍ॅनाहाइम कॅलिफोर्नियातल्या वाइनचं एक मोठं केंद्र झालं.

आणि मग १८८० च्या दशकाच्या मध्यावर वेली मरायला लागल्या. पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपायच्या, पानं गळून नुसते देठ काडीला चिकटून राहायचे, घड सुकायचे आणि दोन-चार वर्षांत वेल खलास. पाणी दिलं तरी मरते, नाही दिलं तरी मरते. थोड्याच वर्षांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हजारो एकर बागा गेल्या. अमेरिकेच्या कृषी खात्यानं न्यूटन पीअर्स नावाचा तरुण संशोधक तिथं पाठवला. त्यानं इमानेइतबारे सगळं पाहिलं, हा रोग युरोपात कुठं आहे का हे बघायला भूमध्य समुद्राच्या काठचे देश पालथे घातले आणि १८९२ मध्ये भलामोठा अहवाल लिहिला. लक्षणांचं वर्णन इतकं नेमकं की आजही उपयोगी पडावं. पण कारण काही हाती लागलं नाही. पुढे रोगालाच 'पीअर्सचा रोग' असं नाव पडलं. (बग सापडला नाही तरी बगला आपलं नाव मिळालं. ह्यात मान किती आणि टोमणा किती, कोण जाणे!)

अ‍ॅनाहाइमच्या लोकांनी वेली उपटल्या आणि संत्री, अक्रोड लावले. त्या संत्र्यांच्या जागेवर १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं. म्हणजे मामांच्या "आन् त्याच्या आधी?" चं उत्तर होतं, द्राक्षबागा. मामा नेमके आपल्याच पिकाच्या जागेवर रांगेत उभे होते.

त्याच काळात, शेजारच्या बागेत

आता खरी चुटपूट लावणारी गोष्ट. द्राक्षं मरत होती त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या आसपासची संत्रीही मरायला टेकली होती. त्यांना लागली होती कापसासारख्या पांढऱ्या पुंजक्यांची खवले कीड. पण इथं शेवट वेगळा झाला. कृषी खात्याचे मुख्य कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली ह्यांनी शोधून काढलं की ही कीड मूळची ऑस्ट्रेलियाची. तिच्या मूळ देशात ती एवढा धुमाकूळ घालत नाही, म्हणजे तिथं तिला खाणारं कोणीतरी असलं पाहिजे. १८८८ मध्ये अल्बर्ट कोबेल ह्यांना तिकडे धाडलं. त्यांनी व्हेडालिया नावाचे ढालकिडे बोटीतून पाठवले. सुरुवातीच्या खेपांचे मिळून किती? फक्त १२९! लॉस एंजेलिसमधल्या एका बागेत संत्र्याच्या झाडावर तंबू ठोकून त्यात ते सोडले. पुढचं वर्ष संपायच्या आत खवले कीड आटोक्यात आली होती.

एकाच भागात, एकाच दशकात, दोन पिकं. संत्री वाचली, कारण कीड कुठली हे कळलं. द्राक्षं गेली, कारण ते कळलं नाही.

हा हिशोब पूर्ण व्हायला पुढची शंभराहून जास्त वर्षं लागली.

कारण सापडायला ऐंशी वर्षं

१९४० च्या दशकात एवढं कळलं की हा रोग तुडतुडे पसरवतात. वेलीच्या आत पानांपर्यंत पाणी चढवणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यातला रस पिणारे तुडतुडे. सगळ्यांची समजूत होती की रोग व्हायरसचा असणार. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ह्याच नळ्यांमध्ये जिवाणू दिसले. १९७८ मध्ये ते प्रयोगशाळेत वाढवता आले. १९८७ मध्ये बारसं झालं, 'झायलेला फास्टिडिओसा'. फास्टिडिओसा म्हणजे थोडक्यात खाण्यापिण्याच्या बाबतीत महानखरेल, कारण नेहमीच्या खाद्यावर तो वाढतच नाही. हे जिवाणू नळ्यांमध्ये थर करून बसतात, नळ्या तुंबतात आणि जमिनीत ओल असूनही वेल तहानेनं मरते. अ‍ॅनाहाइमच्या लोकांनी पाणी दिलं काय आणि नाही दिलं काय, फरक का पडला नाही, ते आता कळतं.

पण मग प्रश्न येतो की मधल्या शंभर वर्षांत कॅलिफोर्नियातली द्राक्षं टिकली कशी? कारण इथले स्थानिक तुडतुडे तसे सौम्य. नापा खोऱ्यातला निळा-हिरवा तुडतुडा नदीकाठच्या झाडीत राहतो आणि बागेत आला तरी कडेच्या ओळींपुरता. तोंड मारतो तो कोवळ्या शेंड्यांना. शेंड्यात शिरलेला रोग पुष्कळदा हिवाळ्यातल्या छाटणीत छाटून जातो. म्हणजे छाटणी हाच नकळत लावलेला पॅच होता.

काचपंखी

१९९० च्या आसपास दक्षिण कॅलिफोर्नियात एक नवा तुडतुडा नोंदवला गेला. अर्ध्या इंचाचा, म्हणजे तुडतुड्यांत पैलवानच. पंख काचेसारखे आरपार, त्यामुळे मी त्याला काचपंखी तुडतुडा म्हणतो. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडापासून टेक्सासपर्यंत आणि पुढे ईशान्य मेक्सिकोत. शेकडो प्रकारच्या झाडांवर जगतो, लांब उडतो आणि दिवसात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट रस पितो. सुरुवातीला कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

पण ह्याची एक सवय जीवघेणी. हा नुसत्या शेंड्यावर थांबत नाही, खालच्या जाड काडीलाही सोंड लावतो. तिथं शिरलेला रोग छाटणीत जात नाही. शिवाय आजारी वेलीवरून उठून शेजारच्या वेलीवर बसतो. आधी रोग नदीकडून बागेत यायचा, त्यामुळे दरवर्षी ठरावीक वेलीच जायच्या. आता एका वेलीच्या दोन, दोनाच्या चार. आमच्या धंद्यातल्या लोकांना ह्या दोन आलेखांतला फरक वेगळा सांगायला नको.

टेमेक्युलात संत्र्याच्या बागा आणि द्राक्षबागा शेजारी शेजारी होत्या. काचपंखी हिवाळा काढायचा संत्र्यावर आणि वसंत आला की द्राक्षावर उतरायचा. १९९९ मध्ये त्या खोऱ्यात शेकडो एकर बागा रोगानं गेल्या. मामांनी पानं उलटी करून बघितली, तोच हा पट्टा. अ‍ॅनाहाइमला द्राक्षं जाऊन संत्री आली होती, इथं संत्र्यांच्या आसऱ्यानं द्राक्षांवर संकट आलं. त्यानंतर सरकार खडबडून जागं झालं. औषध फवारण्या, रोपवाटिकांची तपासणी, संशोधनाला पैसा, सगळं सुरू झालं. आणि रायलींचा जुना प्रश्न परत समोर आला. हा नेमका आला कुठून?

बोटांचे ठसे

"फ्लोरिडा ते टेक्सास" हे उत्तर पुरेसं नाही. हे म्हणजे "बग गेल्या पाच वर्षांतल्या कुठल्यातरी कोडमध्ये आहे" म्हणण्यासारखं झालं. ह्या तुडतुड्याच्या अंड्यांवर जगणाऱ्या चिमुकल्या परजीवी माश्या असतात. आपल्याकडे उसाला, कपाशीला ट्रायकोकार्डं लावतात ना, त्यातल्याच तऱ्हेच्या. त्या माश्या आणायच्या, तर काचपंखीच्या ज्या घराण्यावर त्या पिढ्यानपिढ्या पोसल्या गेल्यात तिथल्याच आणलेल्या बऱ्या. म्हणून पत्ता हवा होता.

टेक्सासमधल्या वेस्लाको इथल्या सरकारी कृषी प्रयोगशाळेत जेसी डी लिऑन, वॉकर जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम घेतलं. वापरलं काय, तर डीएनए फिंगरप्रिंटिंग. हे तंत्र १९८४ मध्ये इंग्लंडात लेस्टरला अ‍ॅलेक जेफ्रीज ह्यांनी शोधलं आणि पुढे ते खुनाच्या खटल्यांत गाजलं. पण किड्यांसाठी त्याची एक स्वस्त आवृत्ती आहे, आयएसएसआर नावाची.

सोप्या भाषेत सांगतो. एक प्रचंड मोठी लॉग फाइल आहे, जी तुम्ही कधी वाचलेली नाही. तिच्यात मधूनमधून नुसत्या रेघांच्या ओळी येतात. तुम्ही फक्त एवढंच करायचं की जिथं दोन रेघा जवळ जवळ येतात, तिथला मधला मजकूर कापून घ्यायचा आणि सगळे तुकडे लांबीप्रमाणे लावायचे. मजकुरात काय लिहिलंय ते वाचायचंच नाही, फक्त लांब्या बघायच्या. डीएनएमध्येही अशा रेघा असतात, म्हणजे तीच दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येणारे पट्टे. पीसीआर यंत्र दोन पट्ट्यांमधल्या भागाच्या लाखो प्रती काढतं, त्या जेलमधून पळवल्या की लांबीप्रमाणे वेगळ्या होतात आणि बारकोडसारखी पट्ट्यापट्ट्यांची नक्षी मिळते. पट्टा आहे तिथं १, नाही तिथं ०. प्रत्येक तुडतुड्याची एक ओळ. मग बसा ओळींची तुलना करत! त्या किड्याचा जिनोम आधी माहीत असण्याची गरजच नाही, हे ह्यातलं सगळ्यात मोठं सुख.

फ्लोरिडासारख्या आग्नेयेकडच्या राज्यांतले, टेक्सासमधले आणि कॅलिफोर्नियातले तुडतुडे गोळा करून ही तुलना केली. २००४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आग्नेयेकडचे तुडतुडे एका बाजूला पडले. कॅलिफोर्नियाचे जाऊन बसले टेक्सासवाल्यांच्या शेजारी. कॅलिफोर्नियात घुसलेला काचपंखी टेक्सासहून आला असावा, असा त्याचा अर्थ.

आला कसा? उडत नक्कीच नाही, मध्ये सगळं वाळवंट आहे. मादी पानाच्या आत, खालच्या बाजूला ओळीनं अंडी घालते. वरवर बघणाऱ्याला ती दिसतही नाहीत. रोपवाटिकेतल्या शोभेच्या झाडांच्या पानांत अंडी आणि झाडं ट्रकमध्ये, असा तो प्रवास झाला असावा, असं सर्वसाधारण मत आहे. कोणीतरी चांगल्या मनानं दारात लावायला झाड मागवलं असणार. दोन काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेण्याइतकंच निरागस.

माश्यांमध्येही घोळ

इथं गोष्ट संपेल असं मला वाटलं होतं, पण पुढचा भाग वाचून मी खुर्चीतच सावरून बसलो. टेक्सासकडच्या परजीवी माश्यांपैकी एका जातीचं नाव गोनाटोसेरस मॉरिली. आणि हीच जात कॅलिफोर्नियात आधीपासूनच आहे, अशी सगळ्यांची समजूत होती. बघायला दोन्ही सारख्याच. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव, त्यात सारखं-वेगळं काय कळणार? पण ठसे घेतले तर टेक्सासच्या आणि कॅलिफोर्नियाच्या माश्यांचे जुळेनात. संकराचे प्रयोग केले, त्यांनीही तेच सांगितलं. ह्या दोन वेगळ्या जाती होत्या! कॅलिफोर्नियावालीला २००६ मध्ये नवं नाव मिळालं, गोनाटोसेरस वॉकरजोन्साय. हो, तेच वरचे वॉकर जोन्स.

ह्यात एवढं काय, असं वाटेल. पण विचार करा. तुम्ही टेक्सासहून माश्या आणून सोडल्या. वर्षभरानं शेतात गेलात, अंड्यांतून मॉरिली निघाली, तुम्ही अहवालात लिहिलंत, "माश्या रुजल्या, योजना यशस्वी." प्रत्यक्षात तुम्हाला सापडली ती इथली जुनीच माशी असू शकते. दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकच व्हेरिएबलचं नाव दिलं की कुठलीही टेस्ट पास होते. ठसे नसते तर ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती.

माश्यांचा उपाय खरंच चालतो का? ताहितीचं उदाहरण बघा. १९९९ मध्ये काचपंखी पॅसिफिकमधल्या त्या बेटावरही पोचला. तिथं त्याचं पीक इतकं आलं की झाडांखालून जाताना अंगावर पाऊस पडायचा, तुडतुड्यांच्या लघवीचा! लोकांनी नावही 'मुतरी माशी' अशाच अर्थाचं ठेवलं. २००५ मध्ये संशोधकांनी तिथं गोनाटोसेरस ॲशमीडाय ही परजीवी माशी सोडली आणि वर्ष संपेपर्यंत तुडतुडे ९० टक्क्यांहून जास्त घटले. व्हेडालियाचीच गोष्ट, शंभराहून जास्त वर्षांनंतरची. कॅलिफोर्नियात मात्र इतकी साफसफाई झाली नाही. तिथं माश्या, संत्र्यावरची औषधं आणि रोपवाटिकांची तपासणी असं सगळं मिळून काम चालतं.

अ‍ॅनाहाइमचं उत्तर

आणि पीअर्सचा राहून गेलेला प्रश्न? त्याचंही उत्तर ठशांतूनच आलं, फक्त ह्या वेळी जिवाणूच्या. २०१० मध्ये रिव्हरसाइड विद्यापीठाचे लेनर्ड नन्नी आणि सहकाऱ्यांनी ठिकठिकाणच्या झायलेलाची जनुकं ताडून पाहिली. अमेरिकेतल्या द्राक्षांवरचे नमुने एकमेकांशी इतके सारखे निघाले की ते सगळे एकाच मूळ वाणाचे वंशज असावेत. आणि त्यांचं घर कुठं, तर मध्य अमेरिकेत. म्हणजे एकोणिसाव्या शतकात कधीतरी, कुठल्यातरी रोपातून, एकदा आत शिरलेला जिवाणू. पीअर्स भूमध्य समुद्राच्या काठी शोधत होता आणि उत्तर दक्षिणेला होतं. सव्वाशे वर्षांनी का होईना, तिकीट क्लोज झालं.

आमच्या हापिसात काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, "कोणी केलं?" मग दोन दिवस एकमेकांकडे बोटं दाखवण्यात जातात. ह्या सगळ्या इतिहासात तो प्रश्न कोणाच्याच उपयोगी पडला नाही. त्या ट्रकचा चालक, ते झाड मागवणारी बाई, कोणाचं नाव कधी कळणार नाही आणि कळून काही होणारही नाही. उपयोगी पडला तो दुसरा प्रश्न, "कुठून आलं?" कारण जिथून रोग येतो, तिथंच पुष्कळदा त्याला धरून ठेवणारी माशी असते, त्याला न जुमानणारी वेल असते. डेव्हिस विद्यापीठातल्या अँड्र्यू वॉकर ह्यांनी नैऋत्य अमेरिका-मेक्सिकोकडच्या जंगली द्राक्षाशी संकर करून पीअर्सच्या रोगाला दाद न देणारी वाणं तयार केली. त्यातली पाच २०१९ मध्ये बाजारात आली.

परत मामांकडे

हे सगळं मी मामांना एका रविवारी फोनवर सांगितलं. ते आता तासगावला परतले होते. सगळं ऐकून घेतलं, मध्ये दोनदा "हां" म्हणाले. मग म्हणाले, "आरं, पर आमचा डॉगरिज कुठला?"

मी गप्प. सांगली-नाशिककडच्या कितीतरी द्राक्षबागा डॉगरिज खुंटावर कलम केलेल्या आहेत. खारं पाणी, दुष्काळ सोसतो म्हणून. मामांची अख्खी बाग त्याच्यावर उभी आहे. आणि डॉगरिज मूळचा टेक्सासच्या जंगली वेलींतला! म्हणजे एके काळी कोणीतरी टेक्सासहून काडी आणली, म्हणूनच मामांची बाग आहे.

"बघ," मामा म्हणाले. आवाजात जिंकल्याचा आनंद लपत नव्हता.

मी म्हटलं, "मामा, काडी आणायला माझी ना नाही. ती परवाना काढून यावी, तपासून यावी, काही दिवस वेगळी ठेवावी, मग बागेत जावी. बॅगेतून, ओल्या फडक्यातून नको. तुम्ही ज्या पानांना हात लावत होतात, त्यांच्या आत काय होतं ते तुम्हाला दिसलं का?"

थोडा वेळ कोणी बोललं नाही. एका अवकाळी वर्षी डावणीनं सगळा माल गेला आणि मामांनी अर्ध्या बागेला कुऱ्हाड लावली, तेव्हा मी दहावीत होतो. त्या दिवशी ते रात्री उशिरापर्यंत बांधावर बसले होते, ते मला आठवलं. त्यांनाही तेच आठवलं असावं.

"न्हाई दिसलं," ते म्हणाले. "मी चष्मा घरी इसरलो हुतो."

पुढच्या वेळी ते आले की आधी अ‍ॅनाहाइममधलं १८५७ चं जुनं लाकडी घर दाखवायचं ठरवलंय. मदर कॉलनी हाउस, आता तिथं संग्रहालय आहे. डिस्नेलँडची वारी नंतर. मामींना चालणार असेल तर! :)